शब्दचर्चा : 'अर्थसाहाय्य' की कर्ज?

खाडीकाठचा : रत्नागिरीतल्या एका कार्यशाळेसाठी मराठी मजकूर करतोय. 'सस्टेनेबल इन्फ्रास्ट्रक्चर फायनान्सिंग'ला 'शाश्वत पायाभूत सुविधांसाठी अर्थसाहाय्य' लिहिलंय, पण मन खातंय. शाश्वत आत्मा असतो, पूल कसा असेल? आणि 'टिकाऊ' म्हटलं की चपलांची जाहिरात वाटते.

वाडीवरचो : आमच्या व्हाळावरचो साकव दरवर्सा पावसात व्हावान जाता, दिवाळीनंतर परत घालूचो लागता. टिकाऊ नाय, शाश्वत तर नायच. पण आज्याच्या वेळेपासून वाट बंद पडूक नाय.

खाडीकाठचा : वा! मग 'तग धरणाऱ्या सुविधा'?

आगरातली : 'शाश्वत' राहू दे दादा, रुळलाय तो. खटकतो 'अर्थसाहाय्य'. साहाय्य परत करावं लागतं का? कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली झालं आणि बराचसा पैसा बाजारात रोखे विकून उभा केला. गाडी १९९८ पासून सगळ्या मार्गावर धावू लागली, व्याज त्याच्या आधीपासून. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये काढलेले हरित रोखेसुद्धा कर्जच, फक्त पैसा कुठे लावणार ते सांगून घेतलेलं. बातम्यांत मात्र सगळीकडे 'निधी मिळाला'!

खाडीकाठचा : पण व्याज नाममात्र असेल तर? पालघरमधून जाणाऱ्या बुलेट ट्रेनला जपानचं कर्ज ०.१ टक्का व्याजाने, मुदत ५० वर्षं. हे साहाय्यच नाही का?

बंदरावरचा : आमच्या बंदरावर या ना, सांगतो. दलाल होडीवाल्याला आगाऊ देतो, कधी व्याजही धरत नाही. पण म्हावरं त्यालाच घालायचं, भाव तो सांगेल तो. जपानच्या कर्जातही तंत्र शिंकान्सेनचंच, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनचंच आलं. अशा कर्जाला 'बांधील कर्ज' म्हणावं. गाडी वाईट असेल असं नाही, दलालही काही वाईट माणूस नसतो. पण कर्ज येनमध्ये आहे, येन महागला की ०.१ टक्क्याचा हिशेब बदलतो. देशादेशांतलं राजकारण व्याजदरात शोधू नका, अटींत शोधा.

आगरातली : मग चीनच्या बाबतीत 'कर्जसापळा' म्हणतात तो हाच ना? श्रीलंकेने हंबनटोटा बंदर गहाण घालून गमावलं म्हणतात.

बंदरावरचा : गहाण नव्हे ताई, भाडेपट्टा. २०१७ साली ९९ वर्षांसाठी चिनी कंपनीला दिलं. आलेले सुमारे ११२ कोटी डॉलर परकीय गंगाजळीत गेले, बंदरासाठी चीनकडून घेतलेलं कर्ज काही त्यातून फिटलं नाही, ते श्रीलंकेच्या डोक्यावर तसंच राहिलं. सापळा म्हटलं की लावणाराच दिसतो, सही करणारा दिसत नाही. (आमच्याकडे आंबा-काजूची बाग खंडाने देतात, तिला कोणी 'बुडाली' म्हणत नाही.)

वाडीवरचो : 'तग' वरसून आठावला. आजो 'तगाई' म्हणायचो, सरकार विहिरीक, बैलाक देय ती.

आगरातली : अगदी! तगाई म्हणजे तकावी, मूळ अरबी, अर्थ बळ देणं. 'तग'शी नातं नाही. आणि नाव बळाचं असलं तरी ते कर्जच होतं, वसूल व्हायचं. १८८३ आणि १८८४ चे दोन कायदेच होते त्यासाठी.

खाडीकाठचा : मग 'शाश्वत पायाभूत सुविधांसाठी कर्जउभारणी' लिहू? आयोजकांना 'कर्ज' आवडणार नाही.

बंदरावरचा : 'भांडवल उभारणी' लिहा, कोणी ओरडणार नाही. कंसात व्याज आणि मुदत मात्र टाका.