मदत हवी आहे: इनलाइन हॉकीच्या गोलरक्षकाच्या पॅडसाठी घरगुती इलॅस्टिक टो-टाय

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. आमच्या शाळेमागच्या सिमेंटच्या मैदानावर आठ-दहा मुलेमुली इनलाइन स्केट्स (एका रांगेत चाके बसवलेले बूट) घालून हॉकी खेळतात. उन्हाळ्यात दिवसा त्या सिमेंटवर पाय ठेवता येत नाही आणि हिवाळ्यात तेथे तूर वाळत घातलेली असते, त्यामुळे खेळ सूर्य कलल्यावरच सुरू होतो. माझी चौदा वर्षांची भाची या मुलांची गोलरक्षक आहे. तिच्या पायाचे पॅड मूळचे बर्फावरच्या हॉकीचे असून माझ्या मावसभावाने ते कॅनडातून परत येताना जुने विकत आणले होते. आमच्याकडे बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो, त्यामुळे या पॅडविषयी विचारावे असे गावात कोणी नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

अडचण टो-टायची आहे. ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की पॅडच्या खालच्या टोकाला चामड्याची एक जाड आडवी पट्टी असते, तिला दोन भोके असतात, आणि त्या भोकांतून ओवलेली नाडी स्केटच्या पुढच्या भागाला बांधली की पॅड पायावर जागच्या जागी राहतो. गोलरक्षक जेव्हा दोन्ही गुडघे जमिनीवर टेकवून पोटऱ्या बाजूंना पसरतो (या पवित्र्याला बटरफ्लाय म्हणतात), तेव्हा पॅडने पायाभोवती फिरून आतल्या कडेवर उभे राहावे आणि त्याची रुंद बाजू समोर यावी अशी अपेक्षा असते. त्या वेळी स्केटचे टोक पॅडच्या टोकापासून बरेच दूर जाते. साधी नाडी घट्ट बांधली, तर पॅड फिरत नाही आणि सगळा पीळ भाचीच्या गुडघ्यावर येतो. सैल बांधली, तर उभे असताना पॅड नडगीभोवती घरंगळतो. इलॅस्टिकचा टो-टाय या दोन्ही गोष्टी साधतो असे मावसभाऊ सांगतो, परंतु तयार टो-टाय मागवायचा तर पाठवणावळच वस्तूपेक्षा जड होते.

आतापर्यंत तीन प्रयोग केले. मोटारसायकलवर सामान बांधण्याची हुकांची दोरी कापून लावली, ती इतकी ताठ निघाली की नाडी बरी होती. त्यानंतर शिंप्याकडचे चपटे इलॅस्टिक दुहेरी करून लावले, ते आठवडाभरात पायजम्याच्या जुन्या नाडीसारखे लोंबू लागले. शेवटी पंक्चरच्या दुकानातून सायकलची टाकाऊ ट्यूब आणून तिची बोटभर रुंद पट्टी कापली. ती पहिल्या दिवशी फार छान चालली आणि दुसऱ्या दिवशी गाठीजवळ फाटली. उभे असताना स्केट आणि पॅड यांच्यात ४ सेंटिमीटर अंतर असते व गुडघे टेकल्यावर ते १३ सेंटिमीटर होते, हे मी टेपने मोजले आहे. कोणती वस्तू वापरावी, आणि स्केटच्या बाजूला ती कोठे बांधावी, हे कृपया कोणी सांगेल काय? बर्फाच्या स्केटला पात्याच्या आधारात मोकळी जागा असते, आमच्या स्केटला तेथे चाके आहेत.

प्रतिसाद – चाकवाला, नागपूर

सर, आपण अंतर मोजून दिलेत हे फार उत्तम केले, कारण उत्तर त्या दोन आकड्यांतच आहे. ४ चे १३ म्हणजे तिपटीहून अधिक. कापडी वेष्टनाची इलॅस्टिक दोरी साधारणपणे दुप्पट होईपर्यंत ताणली जाते आणि रोज वापरायची असेल तर तिला दीडपटीच्या फार पुढे नेऊ नये. म्हणजे आपण ४ सेंटिमीटरच्या तुकड्याकडून जे काम मागत होतात, ते अशा दोरीला किंवा पट्टीला फार दिवस जमले नसते. ट्यूब फाटली यात तिचा दोष थोडाच. (ट्यूबचे ब्युटाइल रबर हवा धरून ठेवण्यात पटाईत असले, तरी ताण सोडल्यावर मूळ आकारात येण्यात सुस्त असते, हा तिचा दोष मात्र आहे.)

दोरी लांब करा. तिचे एक टोक पॅडच्या तळाशी न बांधता, पॅडच्या मागच्या बाजूला सर्वांत खालचा पट्टा जेथे शिवलेला असतो त्या कडीला बांधा, तेथून ती खाली आणून चामड्याच्या पट्टीच्या भोकातून बाहेर काढा आणि मगच स्केटला जोडा. कडीपासून भोकापर्यंतचे अंतर २० सेंटिमीटर धरले, तर उभे असताना दोरीचा मार्ग २४ आणि गुडघे टेकल्यावर ३३ होतो. ताण नसताना २२ सेंटिमीटर भरेल अशी दोरी घेतली, तर उभे असताना ती किंचित ताठ राहील आणि शेवटच्या टोकाला बरोबर दीडपट होईल. जाडी ५ किंवा ६ मिलिमीटर पुरे. दोरी भोकाच्या कडेवर घासणार, म्हणून ती कड बारीक पॉलिशपेपरने गोल करून तिला मेण चोळावे.

स्केटच्या बाजूला इलॅस्टिक चाकांच्या जवळपासही नेऊ नका, ते चाकात गुंडाळले गेले तर मुलगी तोंडावर पडेल. नायलॉनची चपटी पट्टी पहिल्या आणि दुसऱ्या चाकाच्या मधून, चाकांना न टेकता, फ्रेमभोवती घट्ट बांधावी, तिचा छोटा फासा पुढे काढावा आणि इलॅस्टिक त्या फाशाला जोडावे. चाकाच्या आसाच्या बोल्टला काहीही अडकवू नये, तो बोल्ट हळूहळू सैल होतो. बांधून झाल्यावर चाके हाताने फिरवून पाहावीत.

प्रतिसाद – सुईदोरा, पुसद

मला हॉकीतले काही कळत नाही, परंतु शिवणकामात पंचवीस वर्षे गेली आहेत. आपल्या शिंप्याने दिलेले इलॅस्टिक कमरेसाठी असते, ते थोडे ताणून तसेच ठेवायचे असते. क्षणोक्षणी झटका खाण्यासाठी ते नसतेच. गोल दोरीबद्दल वर दादांनी लिहिले आहे ते योग्य आहे. गाठीविषयी मात्र सांगते. इलॅस्टिक दोरीला साधी गाठ मारली, की ताणल्यावर दोरी बारीक होते आणि गाठ सुटते. टोक दुमडून त्याचा फासा करावा आणि दुमडलेला भाग मेण लावलेल्या जाड दोऱ्याने, ऊस बांधतो तसा, बोटाच्या एका पेराएवढ्या लांबीत शेजारी शेजारी वेढे घेऊन आवळावा. दोरीतून सुई आरपार घालू नये, आतले रबराचे धागे तुटतात आणि दोरी तेथूनच जाते. कापलेले टोक मेणबत्तीवर क्षणभर धरले की वरचे वेष्टन वितळून बंद होते.

प्रश्नकर्ता

ताई, दादा, दोघांचाही मनापासून आभारी आहे. माझा सगळा शोध वस्तूचा चालला होता, लांबीचा विचार मला शिवलाही नव्हता. यवतमाळला ताडपत्र्यांच्या दुकानात मीटरवर मिळणारी ६ मिलिमीटरची दोरी घेतली आणि सांगितल्याप्रमाणे कडीपासून ओवली. आमच्या पॅडवर कडी ते भोक हे अंतर १८ सेंटिमीटर भरले, म्हणून ताण नसतानाची लांबी २० ठेवली. चामड्याचे एक भोक अर्धे फाटलेले होते, त्यावर बाजाराच्या दिवशी चांभारकाकांकडून चामड्याची गोल चकती शिवून घेतली. हे नेमके कशाचे खोगीर आहे, असे त्यांनी दोनदा विचारले.

डावा पॅड आता हवा तसा फिरतो आणि ती उठली की आपोआप जागेवर येतो. उजवा मात्र अर्धाच फिरून अडकतो, दोरी दोन्हीकडे सारखी असूनही. पॅड जुने असल्यामुळे आतला फोम बसला असेल काय?

प्रतिसाद – चाकवाला, नागपूर

फोमकडे नंतर पाहू. आधी उजव्या पॅडचा घोट्याजवळचा, म्हणजे बुटावरून जाणारा पट्टा तपासा. बहुतेक मुले पॅड हलू नये म्हणून तोच सर्वांत घट्ट आवळतात, आणि तो घट्ट असला की टो-टाय कितीही चांगला असला तरी पॅड बुटासोबतच वळतो. त्या पट्ट्यात दोन बोटे सहज जातील इतका तो सैल असावा. पोटरीचा पट्टाही सैलच ठेवावा. पॅड जागेवर धरण्याचे काम गुडघ्याजवळच्या पट्ट्यांनी आणि टो-टायने करायचे असते.

आणखी एक गोष्ट मघाशी राहिली. इलॅस्टिकच्या जोडीला एक साधी नाडी स्केटचा फासा आणि पॅडचे दुसरे भोक यांच्यामध्ये १५ सेंटिमीटर मोकळी ठेवून बांधावी, म्हणजे पॅड पूर्ण फिरेपर्यंत ती ताठ होत नाही, परंतु दोरी कधी तुटलीच तर पॅड पायापासून सुटत नाही. मोकळी नाडी चाकाखाली येऊ नये म्हणून तिला मधोमध एक बारीक रबरबँड लावून दुमडून ठेवा; ताण आला की तो रबरबँड सहज निघतो.

प्रश्नकर्ता

पट्टाच होता. भाचीने उजवा पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढलेला होता, कारण त्या बाजूने चेंडू जास्त येतात असे तिचे म्हणणे आहे. (आम्ही पकच्या, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतल्या चपट्या चकतीच्या, ऐवजी चेंडू वापरतो, सिमेंटच्या खडबडीत जागी पक उलटसुलट उड्या मारतो.) पट्टा दोन बोटे सैल केल्यावर दोन्ही पॅड सारखे फिरू लागले. गुडघा दुखत असल्याची तक्रार चार दिवसांत एकदाही आलेली नाही, तरी एकदा डॉक्टरांना दाखवणार आहे. नाडी रबरबँडसह लावली आहे.

आता एवढेच विचारायचे आहे की दोरी किती दिवसांनी बदलावी. मार्च-एप्रिलपासून येथे ऊन फार चढते आणि पॅड शाळेच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेले असतात.

प्रतिसाद – सुईदोरा, पुसद

पत्र्याच्या खोलीतून ते आधी बाहेर काढा आणि घरात, फडताळाखाली ठेवा. रबराला ऊन आणि उष्णता दोन्ही मानवत नाहीत, आणि घाम सुकू न देता गुंडाळून ठेवणेही वाईटच. दिवस मोजण्यापेक्षा दर रविवारी दोरी बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपावी. कोठे गाठाळ लागले किंवा मध्येच पोकळ, मऊ जागा लागली, तर आतले धागे तुटलेले आहेत असे समजून त्याच दिवशी बदलावी. एक मीटर दोरी जास्तीची आणून ठेवलेली बरी.

प्रश्नकर्ता

दोन मीटर आणलेली आहे. दुसऱ्या मीटरवर धाकट्या भाच्याचा डोळा आहे, त्यालाही आता गोलरक्षकच व्हायचे आहे.