एस्सिटॅलोप्राम सुरू झाली आहे: आधीच्या गोळ्यांसोबत कशी सांभाळायची?

सांजवात:
सासूबाई, वय ६८. नैराश्याचे निदान झाल्यावर मनोविकारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्राम दिली आहे. पहिले ७ दिवस ५ मिग्रॅ, मग १० मिग्रॅ, सकाळी. रात्री मन शांत करणारी क्लोनाझेपाम ०.२५ मिग्रॅ, तीन आठवड्यांपुरती. आज पाचवा दिवस.

आधीपासून चालू असलेली औषधे: बीपीसाठी टेल्मिसार्टन व हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी, अ‍ॅस्पिरिन ७५, गुडघे दुखले की डायक्लोफिनॅक ५० (आठवड्यातून तीन-चार वेळा) आणि त्यासोबत पोटातले आम्ल कमी करणारी ओमेप्राझोल २०. बीपीची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन तज्ज्ञांना सांगितली होती. बाकीच्या दोन राहून गेल्या.

प्रश्न असे:
१) मळमळ आहे आणि बेचैनी उलट वाढल्यासारखी वाटते. गोळी लागू पडत नाही असे समजायचे का?
२) काल सकाळची गोळी राहिली, आज दोन द्यायच्या का?
३) वरच्या यादीतले काही हिच्यासोबत चालत नाही का?
४) बरे वाटल्यावर कधी आणि कशी थांबवायची?

खलबत्ता:
आधी दुसरा प्रश्न, कारण तो आजचा आहे. दोन देऊ नका. त्याच दिवशी आठवले तर आठवेल तेव्हा घ्यायची, दुसरा दिवस उजाडला असेल तर राहिलेली सोडून द्यायची आणि नेहमीच्या वेळी एकच घ्यायची. एस्सिटॅलोप्रामची निम्मी मात्रा शरीरातून जायला साधारण ३० तास लागतात, उतारवयात त्याहून जास्त. त्यामुळे एक गोळी चुकल्याने रक्तातली पातळी कोसळत नाही. दोन एकदम घेतल्या तर मळमळ आणि थरथर मात्र वाढू शकते. (व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्याच्याच दुसऱ्या औषधाचे तसे नाही. ते इतक्या लवकर उतरते की एक डोस चुकला तरी काही जणांना संध्याकाळपर्यंत चक्कर यायला लागते.)

आता मळमळ आणि बेचैनी. ही गोळी सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचा प्रभाव वाढवते. शरीरातल्या सेरोटोनिनचा मोठा वाटा आतड्यात असतो, म्हणून पहिला धक्का पोटाला बसतो: मळमळ, पातळ शौच, भूक मंदावणे. जोडीला डोकेदुखी, उचटलेली झोप, आतल्या आत धडधड. हा त्रास पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि नंतर बहुतेकांचा ओसरतो. मनावरचा परिणाम मात्र दोन ते चार आठवड्यांनी जाणवू लागतो, पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी आणि फायदा मागाहून, असा हा क्रम आहे. नेमक्या याच फटीत लोक गोळी सोडतात आणि ‘आम्हाला सोसली नाही’ म्हणतात. ५ मिग्रॅने सुरुवात करून दिली आहे ती हा धक्का सौम्य व्हावा म्हणूनच.

गोळी जेवणाआधी घेतली काय, नंतर घेतली काय, शोषणात फरक पडत नाही, पण भरल्या पोटी मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळची वेळ बरोबर. सुस्ती येत असेल तर रात्रीची विचारून बदलून घ्या.

एक फरक ओळखायला शिका. ‘धडधडतंय’ हे चालेल. पण एका जागी बसवतच नाही, पाय सतत हलतात, येरझाऱ्या थांबत नाहीत, अशी अवस्था असेल तर तो वेगळा दुष्परिणाम आहे. त्यात ‘होईल कमी’ म्हणून वाट पाहायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे.

निशिगंध:
तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. न सांगितलेल्या दोन गोळ्यांमुळे इथे तीन गाठी पडल्या आहेत, आणि चौथी सांगितलेल्या गोळीतच आहे.

पहिली गाठ रक्तस्रावाची. रक्तातल्या प्लेटलेट पेशी सेरोटोनिन स्वतः तयार करत नाहीत, रक्तातून उचलतात. एस्सिटॅलोप्राम ही उचलच बंद करते, म्हणून गुठळी धरण्याची ताकद थोडी कमी होते. अ‍ॅस्पिरिन तीच ताकद दुसऱ्या वाटेने कमी करते. डायक्लोफिनॅक त्यात भर घालते, शिवाय जठराचे अस्तर सोलते. तिन्ही एकत्र, तेही ६८ व्या वर्षी, म्हणजे जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. डांबरासारखी काळी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, विनाकारण काळेनिळे डाग, यातले काहीही दिसले तर लगेच दवाखाना.

उपाय: पोटात घ्यायची डायक्लोफिनॅक थांबवून पॅरासिटामॉल चालेल का, हे विचारा. गुडघ्याला डायक्लोफिनॅकचे जेल लावले तर रक्तात फार थोडे उतरते, तोही पर्याय आहे. अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, ती हृदयासाठी दिलेली असू शकते.

दुसरी गाठ कुणाच्या लक्षात येत नाही. ओमेप्राझोल यकृतातल्या ज्या विकराला (एन्झाइमला) अडवते, त्याच विकराकडून एस्सिटॅलोप्रामचे विघटन होते. परिणामी रक्तातली एस्सिटॅलोप्राम सुमारे दीडपट होऊ शकते. गोळी १० ची, परिणाम १५ चा. पासष्टीनंतर १० मिग्रॅ हीच सहसा वरची मर्यादा मानतात, कारण जास्त मात्रेत हृदयाच्या ईसीजीमधले क्यूटी अंतर (प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विद्युतदृष्ट्या सावरायला लागणारा वेळ) लांबते. एसोमेप्राझोलचेही तेच. त्याच जातीची पॅन्टोप्राझोल हा अडथळा फारच कमी करते. पण अ‍ॅस्पिरिन चालू असताना पोटाचे संरक्षण लागतेच, तेव्हा ओमेप्राझोल नुसती सोडू नका, बदलून मागा.

तिसरी गाठ डायक्लोफिनॅक आणि बीपीच्या गोळीतली. एस्सिटॅलोप्रामचा तिथे संबंध नाही, पण ही जोडी मूत्रपिंडावर ताण आणते. डायक्लोफिनॅक सोडण्याचे ते आणखी एक कारण.

चौथी गाठ सोडियमची, आणि माझ्या मते या यादीत सर्वांत जपायची तीच. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे सोडियम घालवते, एस्सिटॅलोप्राम शरीराला पाणी धरून ठेवायला लावते. दोन्हींनी रक्तातले सोडियम पातळ होते. वय जास्त, स्त्री, जोडीला ही लघवीची गोळी: तिन्ही जोखमी इथे हजर आहेत. पहिल्या दोन ते चार आठवड्यांत हे बहुधा घडते. सोडियम १३५ ते १४५ असायला हवे. ते खाली आले की डोके दुखते, मळमळते, तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. घरच्यांना वाटते नैराश्यच वाढले, आणि मात्रा वाढवून मागतात! खूप खाली गेले तर झटके येतात.

म्हणून मळमळीबाबत खलबत्तांच्या उत्तराला एक जोड: ती गोळीची साधी मळमळ असण्याचीच शक्यता जास्त, पण सोबत गोंधळ, गुंगी किंवा पडणे दिसले तर सोडियमची रक्ततपासणी त्याच दिवशी. काहीच दिसले नाही तरी दोन आठवड्यांनी आणि पुन्हा महिन्याच्या सुमारास ती करून घ्यावी. बीपीची गोळी परस्पर बंद करायची नाही.

आज सध्या चालू नसलेली, पण उद्या घरात येऊ शकतील अशी औषधेही लक्षात ठेवा. गुडघ्यासाठी कुणी ट्रामाडॉल दिली, कोरड्या खोकल्याच्या सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन निघाले, संसर्गासाठी लिनेझोलिड लिहिले, किंवा ‘मन शांत करणारी वनस्पती’ म्हणून सेंट जॉन्स वर्ट आणली, तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. हातपाय थरथरणे, स्नायू झटकन उडणे, दरदरून घाम, ताप, जुलाब, भ्रम ही त्याची खूण. बहुतेक वेळा नवे औषध घेतल्यापासून किंवा मात्रा वाढल्यापासून २४ तासांच्या आत दिसते. हे तातडीचे आहे, फोनवर सल्ला घेत बसण्याचे नाही.

सांजवात:
सोडियमचे कुणीच बोलले नव्हते. सगळी पाकिटे समोर ठेवूनच तज्ज्ञांना फोन करते. क्लोनाझेपामबद्दल आणि चौथ्या प्रश्नाबद्दल कुणी सांगेल का? शेजारून सल्ला आला आहे की बरे वाटले की एक दिवसाआड करून सोडून द्या, सवय लागत नाही.

काजवा:
एक दिवसाआड ही रीत चुकीची आहे. मात्रा कमी करताना पातळी हळूहळू उतरायला हवी. एक दिवसाआड घेतली की ती रोज वर-खाली होते. म्हणजे दर दोन दिवसांनी छोटा तुटवडा. मात्रा कमी करायची ती रोजच्या गोळीतली. (नैराश्याचेच दुसरे औषध फ्लुओक्सेटिन अपवाद, ते शरीरात अनेक दिवस रेंगाळते, म्हणून तिथे दिवसाआड चालून जाते.)

कधी थांबवायची? लक्षणे पूर्ण गेल्यानंतर निदान सहा महिने त्याच मात्रेवर. नैराश्य आधी येऊन गेले असेल तर दोन वर्षे किंवा अधिक. ‘बरे वाटते’ त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करायची, त्या दिवशी थांबवायचे नाही.

सवय म्हणजे तलफ, तशी ती लागत नाही, हे खरे. पण मेंदू औषधाशी जुळवून घेतो, आणि ते अचानक काढले की दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होणे, चिडचिड, रडू, विचित्र स्वप्ने, मळमळ सुरू होते. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनला हे सर्वाधिक, फ्लुओक्सेटिनला सर्वांत कमी. याला आजार परतला समजू नका. फरक असा: तुटवड्याची लक्षणे दिवसांत येतात, चक्कर आणि झटके घेऊन येतात, आणि गोळी पुन्हा घेतली की एक-दोन दिवसांत विरतात. आजार परततो तो आठवड्यांनी, हळूहळू, आणि गोळी घेतल्यावर चटकन जात नाही.

उतरताना शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड असतो, त्याला कारण आहे. एस्सिटॅलोप्रामच्याच भावंडाचे, सिटॅलोप्रामचे आकडे बघा: २० मिग्रॅला मेंदूतले सेरोटोनिन उचलणारे सुमारे ८० टक्के वाहक अडतात, ९ मिग्रॅला ७०, आणि दीड मिग्रॅलासुद्धा ३० टक्के. म्हणजे २० वरून ९ वर येणे ही छोटी पायरी, आणि दीडवरून शून्यावर येणे ही मोठी. लोक नेमके उलटे समजतात: ‘आता पाव गोळीच तर राहिली, टाकून द्या.’ जितकी मात्रा लहान, तितकी पुढची घट लहान हवी, आणि प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. पायरीवर त्रास झाला तर मागच्या मात्रेवर जाऊन स्थिर व्हायचे, मग याहून छोटी पायरी. हा आराखडा डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा.

अगदी छोट्या मात्रांसाठी द्रवरूप औषध मिळते, पण लेबल दोनदा वाचा. एका बाटलीत १ मिलीमध्ये १ मिग्रॅ असते, तर थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्ये २० मिग्रॅ. पहिलीचे माप दुसरीला लावले तर वीसपट मात्रा जाईल. चमच्याने नव्हे, सिरिंजने किंवा बाटलीसोबतच्या ड्रॉपरनेच मोजा.

क्लोनाझेपाम: तीन आठवडे लिहिली आहे तर तीनच. ती वरच्या ‘आधी त्रास, मग फायदा’ या फटीसाठी दिलेला टेकू आहे, पण तिची खरी सवय लागते, शिवाय या वयात रात्री उठताना पडून हाड मोडण्याची भीती. पलंग ते बाथरूम वाटेवर दिवा ठेवा. दारूचा घोटही नको. तीन आठवड्यांहून लांबली तर तीही एकदम तोडायची नाही. आणि पुढे कधी दोन्ही औषधे एकाच गोळीत दिली, तर ती अर्धी केल्यावर दोन्ही अर्धी होतात, हे ध्यानात असू द्या. तशा गोळीतून एकच कमी करता येत नाही.

रातराणी:
दोन गोष्टी राहिल्या. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि मात्रा बदलताना माणसावर लक्ष हवे. आत्महत्येचे विचार वाढण्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी दिला, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला. पासष्टीनंतर ती जोखीम औषधाने वाढत नाही, उलट कमी होताना दिसली आहे. पण आजार स्वतःच धोकादायक असतो. म्हणून थेट विचारा: ‘जगू नये असे वाटते का?’ विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाहीत. ‘हो’ आले तर त्यांना एकटे सोडू नका आणि तज्ज्ञांना ताबडतोब कळवा. आणि घरात महिन्याहून जास्त साठा ठेवू नका, उरलेल्या जुन्या गोळ्या परत करा. घरात कुणाच्या अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या पिढीच्या नैराश्याच्या गोळ्या असतील तर त्या आधी कुलुपात, जास्त झाल्या तर त्या हृदयाची लय बिघडवतात.

उलटी बाजूही बघा. झोप तीन तास, तरी दमणूक नाही, बोलणे थांबत नाही, पैसे उधळणे, असे झाले तर औषध ‘छान लागू पडले’ असे नाही. तो उन्माद असू शकतो, आणि अशा वेळी उपचाराची दिशाच बदलावी लागते.

खलबत्ता:
अर्ध्या गोळीचा विषय निघाला म्हणून: एस्सिटॅलोप्रामच्या साध्या गोळीवर मधोमध खाच असेल तर ती मोडता येते. पण हा नियम सगळ्यांना लावू नका. व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन यांच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या मोडल्या किंवा चावल्या तर दिवसभराचे औषध एकदम सुटते. ड्युलोक्सेटिनचे दाणे आम्लापासून वाचवणाऱ्या आवरणातले असतात, ते चुरडले तर औषध जठरातच नासते. डबीवर ‘एक्सआर’, ‘ईआर’ किंवा ‘सीआर’ (सावकाश सुटणाऱ्या औषधाच्या खुणा) दिसले की आधी औषधविक्रेत्याला विचारा, मग सुरी उचला.