स्वॅप किती ठेवावी? रॅम फक्त ८ जीबी आहे

धायरीकर: जुना लॅपटॉप घेतलाय. रॅम ८ जीबी, एसएसडी २५६. उबुंटू लिनक्स टाकतोय. दुकानदार म्हणतो रॅमच्या दुप्पट, म्हणजे १६ जीबी स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) पाहिजेच. हिंजवडीतला मित्र म्हणतो, शून्य. कोणाचं ऐकू?

पेठेतला पेंग्विन: मित्राचं. दुपटीचा नियम रॅम १२८ एमबी असायची तेव्हाचा. रॅम भरली की स्वॅपवालं मशीन धड मरत नाही, धड चालत नाही. स्वॅप नसेल तर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, ओओएम किलर एखादी जड प्रोसेस मारतो आणि विषय संपतो.

सर्व्हरवाली ताई: संपत नाही हो! स्वॅप नसली तर कर्नलला बाहेर काढायला फक्त फायलींवरून आलेली पानं (मेमरीचे तुकडे) उरतात, त्यात चालू प्रोग्रॅमचा कोडही आला. तो काढायचा, लगेच डिस्कवरून परत वाचायचा, परत काढायचा. मशीन तसंही गोठतं आणि तुमचा किलर बऱ्याचदा फार उशिरा जागा होतो. त्यापेक्षा सकाळपासून न बघितलेला टॅब स्वॅपमध्ये गेला तर बिघडलं काय?

पेठेतला पेंग्विन: एसएसडी झिजते, हे बिघडतं. आणि अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणाऱ्या कुबर्नेटिसचं क्युबलेट (प्रत्येक मशीनवरचा त्याचा एजंट) स्वॅप चालू दिसली की मुळात सुरूच व्हायला नकार देतं, निदान डीफॉल्ट सेटिंगला तरी. ती मंडळी काय वेडी आहेत?

सर्व्हरवाली ताई: तिथे पॉड (चालू असलेला प्रोग्रॅम) मेला तर दुसरा उभा राहतो. धायरीकरांचा सेव्ह न केलेला रिपोर्ट राहणार आहे का उभा? झिजेची एवढी काळजी असेल तर झेडरॅम लावा. पानं रॅममध्येच कॉम्प्रेस होतात, डिस्कला हात लागत नाही. फेडोरा लिनक्सनं २०२० मध्ये ३३व्या आवृत्तीपासून तेच डीफॉल्ट केलंय.

कर्वेनगरचा काका: अहो, हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद) करणार का ते आधी विचारा ना त्यांना! त्याला झेडरॅम चालत नाही, डिस्कवरच जागा लागते, साधारण रॅमएवढी धरा. आणि सिक्युअर बूट (सही केलेलीच सिस्टिम सुरू होऊ देणारी सेटिंग) चालू असेल तर उबुंटू हायबरनेट करूच देत नाही.

धायरीकर: करणार. आमच्याकडे लाइट जाते आणि बॅटरी जेमतेम वीस मिनिटं टिकते.

कर्वेनगरचा काका: मग ८ जीबी. नसतं करायचं तर २-४ पुरली असती.

पेठेतला पेंग्विन: मी तरी शून्यच म्हणेन. माझ्याकडे कधी अडलं नाही.

सर्व्हरवाली ताई: तुमची रॅम किती?

पेठेतला पेंग्विन: ३२.

सर्व्हरवाली ताई: 🙏

धायरीकर: नंतर कमी करता येते ना?

कर्वेनगरचा काका: येते. उबुंटू १७.०४ पासून पार्टिशनऐवजी स्वॅपफाइलच बनवतं. स्वॅपऑफ कमांडनं ती बंद करा, फाइल उडवा, लहान बनवा. फक्त हायबरनेटसाठी दिलेला ऑफसेट (फाइल डिस्कवर कुठे सुरू होते तो आकडा) बदलतो, तो ग्रबमध्ये, म्हणजे बूटलोडरच्या सेटिंगमध्ये, नव्यानं टाका.