टेक्सासमधले कॅरी लायसन्सवाले खरंच कमी गुन्हे करतात का?

ह्यूस्टनकर:
मंडळी, एक शंका. ऑफिसातला एकजण कायम ऐकवतो की टेक्सासमधे हँडगन कॅरी करायचं, म्हणजे सोबत घेऊन फिरायचं, लायसन्स असलेले लोक बाकी पब्लिकपेक्षा कितीतरी कमी गुन्हे करतात, आणि वर डीपीएसचा (टेक्सासचं सार्वजनिक सुरक्षा खातं, लायसन्स तेच देतं) दरवर्षीचा कन्व्हिक्शन रिपोर्टच, म्हणजे कोर्टात दोषी ठरलेल्यांचे आकडे, पुढे करतो. बघितला, आकडे तसेच आहेत. एकूण शिक्षांमधे लायसन्सवाल्यांचा वाटा एक टक्क्याच्याही आत, आणि 2021 मधे असे लोक होते जवळपास 17 लाख म्हणजे लोकसंख्येच्या पाच-सहा टक्के. मग यात गोम कुठाय?

आकडेमोड्या:
रिपोर्ट खोटा नाही हो, तुलना लंगडी आहे. लायसन्स मिळतं कुणाला ते बघा ना. फेलनी (गंभीर गुन्हा) झालेली चालत नाही, मागच्या पाच वर्षांत क्लास ए नाहीतर बी मधे (त्याहून हलक्या गुन्ह्यांचे वर्ग) शिक्षा झालेली चालत नाही, बोटांचे ठसे द्यायचे, एवढंच कशाला पोरांची पोटगी थकली असली तरी अर्ज बाद. आणि दुसऱ्या बाजूला 'पब्लिक' म्हणून कोण, तर जेलची वारी करून आलेले पण त्यातच. निवडलेल्या तांदळात खडे कमी निघाले तर त्यात बंदुकीचं काय कर्तृत्व? तुलना करायचीच तर त्याच वयाचे, रेकॉर्ड साफ असलेले पण लायसन्स न काढलेले लोक घ्या. पुरुष-बायका पण वेगळे काढा, कारण हिंसक गुन्ह्यांत पुरुषच जास्त.

लोनस्टार_भाऊ:
माझ्याकडे आहे लायसन्स, ग्रीन कार्ड आल्यावर काढलं (एच-वन व्हिसावाल्यांनी नादाला लागू नका, हंटिंग लायसन्सची पळवाट सोडली तर गन जवळ ठेवणं हाच फेडरल गुन्हा). परीक्षा काही यूपीएससी नाही, 3, 7 आणि 15 यार्डांवरून मिळून 50 राउंड, 250 पैकी 175 पडले की पास. पण एकदा हातात आलं की माणूस जपून राहतो. बारच्या दारावर लाल अक्षरात 51% ची पाटी (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई तिथेच पिण्याच्या दारूची) दिसली की आत गन न्यायचीच नाही, नेली तर फेलनी. आणि 1995 ला तेव्हाचे गव्हर्नर बुश यांनी या लायसन्सच्या कायद्यावर सही केली तेव्हा विरोधक ओरडत होते की आता सिग्नलवर हॉर्न वाजवला तरी गोळी सुटणार. लायसन्सवाल्यांकडून तसं काही झालं नाही, एवढंच तो रिपोर्ट सांगतो. ते तरी मान्य करा.

आकडेमोड्या:
भाऊ, ते मान्यच आहे. पण लोक त्यावरून लगेच 'म्हणजे गन वाढल्या की गुन्हे कमी' इथे उडी मारतात, तो प्रश्नच वेगळा. 1997 मधे लॉट आणि मस्टर्ड हे संशोधक म्हणाले की कॅरीचे कायदे आले की गुन्हे कमी होतात, 2004 ला नॅशनल रिसर्च कौन्सिलनी सगळं तपासून सांगितलं की या डेटावरून इकडचं-तिकडचं काहीच सिद्ध होत नाही, मग 2019 ला डॉनह्यू वगैरे संशोधकांनी मांडलं की असा कायदा आल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे 13 ते 15 टक्के जास्त निघतात. आणि त्यासाठी लायसन्सवाल्यानी स्वतः काही करायलाच पाहिजे असं नाही, जिममधे जाताना गन गाडीत ठेवली, काच फुटली, गन गेली. पुढे त्या गननी जे होईल ते डीपीएसच्या टेबलात याच्या नावावर थोडंच लागणारे!

सातारी_डल्लासवाली:
तुम्ही दोघंही एक विसरताय. 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासमधे लायसन्सशिवाय कॅरी करता येतं. म्हणजे आता हौसेने ठसे देऊन, क्लास करून लायसन्स काढणारे अजूनच सरळमार्गी उरणार, आणि नुसतीच गन खोचून फिरणारा पडला 'जनरल पब्लिक'च्या रकान्यात. आता त्याने काही केलं तरी लायसन्सवाल्यांचा आकडा अजूनच छान दिसेल. 2021 च्या आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट एका ग्राफवर टाकूच नका.

लोनस्टार_भाऊ:
ताई, हे मात्र पटलं. मी तरी रिन्यू करणारे, न्यू मेक्सिकोत चालतं आणि दुकानात नवीन घेताना दरवेळी एफबीआयच्या बॅकग्राउंड चेकसाठी ताटकळावं लागत नाही.