मदत हवी आहे: एमसीआर चपला (बधिर पायांसाठी, मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या) बेळगाव भागात कुठं मिळतील?
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर आम्ही काहीजण रविवारी जातो. तिथल्या वडीलधाऱ्यांचा कुष्ठरोग एमडीटी या अनेक औषधांच्या एकत्रित उपचारानं केव्हाच बरा झालाय (सरकारी दवाखान्यात फुकट, 6 किंवा 12 महिन्यांचा कोर्स, चहा आम्ही तिथंच पितो, तेव्हा 'रोग लागत नाही का?' विचारू नका). पण पायाची संवेदना गेली ती गेलीच. खडा रुतला तरी कळत नाही, मग जखम चिघळते. पाय भिजवणं, भेगांना तेल लावणं ते स्वतःच करतात. अडलंय चपलांवर. आत मऊ एमसीआर रबर, मागं पट्टा आणि खिळा एकही नको. बेळगाव, निपाणी, नाहीतर कोल्हापूरकडं कोण मापानं करून देतं काय? आणखी एक, दिव्यांग कार्डाच्या कामाला कन्नड लिहिता येणारं कुणी सोबत येईल का? आमचं कन्नड बाजारापुरतंच.