ड्रायव्हर सीट एका बाजूला खचलीय, घरीच काढू का?

होटगीरोडवाला:
नमस्कार मंडळी, जुनी सेडान आहे, ड्रायव्हर सीट डावीकडं खचलीय, स्पीडब्रेकरवर कर्रकर्र आवाज यायलाय, पुण्याला जाऊन आलं की कंबर धरते. अशोक चौकाकडचा कुशनवाला म्हणतो सीट काढून आणून द्या, त्याच्याकडं गाडी उभी करायला जागाच नाही. बोल्ट चारच दिसतायत पण खाली एक पिवळा प्लग आहे, तो बघून थांबलोय.

सातरस्ता_एक्सप्रेस:
काढा की बे, त्यात काय. सीट पूर्ण मागं सरकवा, पुढचे दोन बोल्ट दिसतात, ते काढून सीट पुढं घ्या, मग मागचे दोन. बऱ्याच गाड्यांना १४ चा सॉकेट लागतो, काहींना टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराचा. बोल्टवर प्लास्टिकची टोपी असेल तर हळू उचला, लगेच तुटते.

गॅरेजवाले_काका:
पिवळ्या प्लगचं राहिलंच की! ती एअरबॅगची नाहीतर बेल्ट प्रीटेन्शनरची, म्हणजे धडकेत बेल्ट आवळणाऱ्या यंत्राची वायर असते. चावी बंद, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, निवांत चहा पिऊन या, मगच प्लगला हात लावा. प्लग सुटा असताना चावी ऑन केली की एअरबॅगची लाईट लागते, मग ती घालवायला स्कॅनरवाल्याला शोधत फिरा. आणि सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर कुशनवाल्याला तिथली शिलाई उसवू देऊ नका, ती वेळेला फाटावी म्हणूनच तशी घातलेली असते, त्यानं आपला जाड दोरा ओवला की बॅग आतच अडकणार.

होटगीरोडवाला:
काढली काका. लेबल नाहीये. खाली शेंगाचटणीचा रिकामा पुडा आणि ढीगभर चिल्लर सापडली 😄 फोम बरा आहे, पण खालची नागमोडी स्प्रिंग हुकातून निसटलीय, तिनं फोमला खालून खड्डा पाडलाय. कुशनवाला म्हणतो वरून जाड फोम टाकतो, काम झालं.

गॅरेजवाले_काका:
अजिबात नको, स्प्रिंग तशीच ठेवली तर नवा फोमही तिथंच बसणार. आधी स्प्रिंग हुकात घाला, हुक वाकलाय का बघा, स्प्रिंग आणि फोमच्या मधे जाड फेल्ट टाकायला सांगा. कव्हर आवळायच्या लोखंडी रिंगा नव्याच टाकून घ्या. सीट ज्यावर सरकते त्या रेलमधली माती पुसून थोडं ग्रीस लावा.
बसवताना दोन्ही रेल एकाच खाचेत लॉक आहेत ना ते बघा, नाहीतर एकच बाजू लॉक होते आणि ब्रेक मारला की सीट हलते. चारही बोल्ट आधी हातानं धरवा, एकच पूर्ण आवळून बसलात तर बाकीचे भोकावर येत नाहीत. शेवटी टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा. बेल्टचं बक्कल सीटलाच असतं, धडकेत तुमचा झटका ह्याच बोल्टवर येतो, त्यामुळं अंदाजपंचे नको. बॅटरी जोडायच्या आधी पिवळा प्लग खटकन बसला पाहिजे.

सातरस्ता_एक्सप्रेस:
सीट बाहेर आहे तोवर कार्पेट दाबून बघा, ओलं लागलं तर एसीच्या पाण्याचा पाईप चोकअप असू शकतो.