मदत हवी आहे: सोलापूर–गोवा विमान, सोबत आई

मंडळी, सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याला विमानाने कोणी गेलंय का? आईला मडगावला मावशीकडे न्यायचंय. नकाशावर सोलापूर ते मोपा (गोव्यातला विमानतळ) सरळ रेषेत साधारण 300 किमी भरतं. तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतची रखडपट्टीही धरलेली असते, म्हणून विचारतो, पंख्याचं एटीआर विमान प्रत्यक्ष हवेत किती वेळ असतं? विमान उतरताना आईचे कान फार ठणकतात.

दुसरं, मोपा पडलं पार उत्तरेला पेडण्यात आणि मडगाव दक्षिणेला. तिथून बस बरी की टॅक्सी? की वाचवलेला वेळ तिथेच जाणार?

आणि हो, शेंगाचटणीचे डबे हातातल्या बॅगेत चालतात का? कडक भाकरीचं टेन्शन नाही, चटणीवर मात्र आई अडून बसलीय.